राधानगरी ते कोल्हापूर कच्च्या वाटेने: शेवटचे तीस किलोमीटर टेम्पोतून का यावे लागले?

पाणंदवाट (धागाकर्ता)

नमस्कार. मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी आम्ही अकरा जण कोल्हापूरहून राधानगरीला आणि तिथून काळम्मावाडीमार्गे परत असे सायकलने निघालो होतो. शक्य तिथे डांबर टाळायचे आणि पाणंदी, गाडीवाटा, कालव्याकडेचे मुरमाचे रस्ते धरायचे असे ठरले होते. आखलेले अंतर १५६ किलोमीटर होते. त्यापैकी १२६ किलोमीटर आम्ही सायकलवर केले आणि उरलेले ३० किलोमीटर अकरा सायकलींसह एका टेम्पोच्या हौद्यात उभे राहून केले. कोणाला इजा झाली नाही, त्यामुळे घरी हा विषय हसण्यावारी गेला. मार्ग मात्र मी आखला होता आणि चूक माझी आहे हे मला मान्य आहे. ती चूक नेमकी कोणती, यावरून आमच्या गटात दोन तट पडले आहेत. येथील जाणत्या सदस्यांचे मत मिळावे म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला दिवस उत्तम गेला. पहाटे पाच वाजता रंकाळ्यावर जमलो आणि उजाडेपर्यंत शहराबाहेर पडून भोगावतीच्या काठाला लागलो. हळदी, परिते, राशिवडे या बाजूच्या पाणंदी उसाच्या फडांमधून जातात. गळीत हंगाम संपल्यामुळे बऱ्याच ठिकाणी तोड झालेली होती, खोडव्याला पाणी सुरू होते आणि वाटेवर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पसरलेले होते. पावसाळ्यात ज्या बंधाऱ्यांची नावे आपण ‘पाण्याखाली’ या एकाच शब्दाबरोबर वाचतो, त्यांपैकी एकावरून आम्ही सायकली हातात धरून पलीकडे गेलो. बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असल्यामुळे एका बाजूला काठोकाठ पाणी आणि दुसऱ्या बाजूला उघडे खडक होते. त्या दृश्यासाठी सगळेच पंधरा मिनिटे थांबले आणि त्याबद्दल कोणीही तक्रार केली नाही. पाणंदीत ताशी १४ किलोमीटरच्या आसपास वेग पडत होता. ७० किलोमीटर पूर्ण करून सव्वाबाराला राधानगरीत पोहोचलो, तेव्हा सावली पायाखाली आली होती. आपल्याकडचा शून्य सावलीचा दिवस याच आठवड्यात येतो, हे तेव्हा कोणीतरी सांगितले.

घोटाळा दुसऱ्या दिवशी झाला. साडेपाचला निघायचे ठरले होते, निघालो पावणेसातला. काळम्मावाडी धरणापर्यंतचा चढउताराचा भाग तांबड्या मुरमाचा आहे आणि सायकल चालवण्याचा खरा आनंद तिथेच मिळाला. तिथून दूधगंगेच्या खोऱ्याने खाली येत साडेअकराला ४८ किलोमीटर झाले. ऊन सोसवेना म्हणून एका गावात देवळाच्या मंडपात तीन वाजेपर्यंत थांबलो. पुन्हा निघून बिद्रीच्या अलीकडे पलीकडे पोहोचतो तोच पावणेचारला वळीव आला. गारांसह अर्धा-पाऊण तास तो कोसळला. आम्ही आंब्याच्या झाडाखाली थांबलो, पाऊस उघडल्यावर हवा गार झाली म्हणून खुशीत निघालो, आणि पुढच्या शंभर पावलांत अकराही सायकली बंद पडल्या. काळी माती टायरला चिकटत गेली, त्या मातीला पाचट चिकटले आणि पुढच्या चिमट्यात चाक असे घट्ट बसले की सायकल ढकलताही येईना. दोन किलोमीटरची ती पाणंद ओलांडायला आम्हाला एक तास चाळीस मिनिटे लागली. त्यात एकाच्या सायकलीचा हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा, तुटला. डांबरावर आलो तेव्हा अंधार व्हायला फार वेळ उरला नव्हता आणि अर्ध्या लोकांकडे दिवे नव्हते.

गटातील एका तटाचे म्हणणे असे की दुपारची साडेतीन तासांची विश्रांती नडली. दुसऱ्या तटाच्या मते सकाळचा सव्वा तास नडला. मला स्वतःला असे वाटू लागले आहे की दोन्ही वेळा पाळल्या असत्या तरी हा मार्ग मे महिन्यात चुकीचाच ठरला असता. आपले अनुभव सांगावेत.

डांबरप्रेमी

वर्णन आवडले. माझ्या मते चूक मार्गाची नसून हट्टाची आहे. डांबरी रस्ता शंभर पावलांवर असताना पाऊस पडल्यानंतरही पाणंदीतच शिरण्याचे कारण काय होते? लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब फेऱ्या, करणारी मंडळी २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करतात, कारण त्यांना रस्त्याच्या जातीशी देणेघेणे नसते. तुम्ही १५६ किलोमीटर दोन दिवसांत करणार होता, म्हणजे हातात भरपूर वेळ होता.

पाणंदवाट

प्रश्न रास्त आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर नकाशावर आखलेली रेघ मोडवत नव्हती. मात्र ब्रेव्हेशी तुलना मला पटत नाही. कच्च्या वाटेवरचे ७० किलोमीटर अंगाला डांबरावरच्या सव्वाशे किलोमीटरइतके लागतात, कारण उतारावरही हात आणि पाठ मोकळी सुटत नाही. कच्च्या वाटेवरचे ताशी १४ आणि डांबरावरचे ताशी २२ या दोन वेगांमध्ये उन्हात घालवायचे दीड-दोन तास लपलेले असतात.

बरगेवाला

मी सायकलवाला नाही, भोगावतीकाठी शेती करतो. धागा एका नातेवाइकाने पाठवला म्हणून वाचला आणि नोंदणी करून लिहितो आहे.

तुमच्या मनात जे येते आहे ते बरोबर आहे. वळवानंतर काळ्या रानात आम्ही स्वतः बैल घालत नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. वापसा येईपर्यंत, म्हणजे जमीन पाय ठेवण्याजोगी सुकेपर्यंत, थांबावे लागते, मग त्याला एक दिवस लागो की तीन. काळ्या मातीत चिकणमातीचा अंश मोठा असतो. उन्हाळ्यात ती भेगाळते, वरून दगडासारखी कडक होते, आणि पहिले पाणी पडले की फुगून मेणासारखी चिकट होते. याउलट राधानगरी-दाजीपूरच्या बाजूची तांबडी जमीन जांभ्या खडकाची आहे. तिच्यातून पाणी खाली निघून जाते. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात तिच्यावरून चालता येते, चपलेला फक्त रंग लागतो. तुम्ही सकाळी तांबडीवर होता आणि दुपारनंतर काळीवर आला. वळीव आमच्याकडे सकाळी येत नाही. दिवसभर रान तापते, दुपारी ढग उभे राहतात आणि तीन ते सहाच्या दरम्यान कोसळतात. म्हणजे ज्या वेळी काळ्या मातीवर असू नये नेमक्या त्या वेळी तुम्ही तिथे होता. विश्रांती तासाभराने कमी केली असती तर तशाच दुसऱ्या पाणंदीत काही किलोमीटर पुढे अडकला असता, एवढाच फरक पडला असता.

आणखी एक गोष्ट राग न मानता ऐकावी. पाणंद ही सरकारी वाट असली तरी तिच्या दोन्ही बाजूंना आमचे पोट आहे. उन्हाळ्यात वाटेवरून आडवे पाइप टाकलेले असतात. त्यांवरून चाक उड्या मारत नेले की जोड सुटतो आणि रात्रीची वीज असेल तर सकाळपर्यंत पाणी वाया जाते. उतरून सायकल उचलून न्यावी. मागच्या वर्षी एक गट वाट चुकला म्हणून सरळ उसाच्या नव्या लावणीतून गेला. तुमचा नसेल, पण वाटेला लागलेला माणूस तुमच्यासारखेच कपडे घातलेला होता.

जुनी साखळी

वरील प्रतिसाद सर्वांनी दोनदा वाचावा. ‘वापसा’ हा शब्द आमच्या सायकलच्या भाषेत यायला हवा होता. इतकी वर्षे आम्ही नुसते ‘चिखल होता’ म्हणत आलो.

यांत्रिक बाजूबद्दल थोडे लिहितो. लोक टायर किती रुंद आहे ते पाहतात. टायर आणि चिमटा यांच्यामध्ये जागा किती उरते हे मात्र कोणी पाहत नाही. हायब्रिड सायकलीत ओढूनताणून ४० मिलिमीटरचा टायर बसवला की कोरड्या वाटेवर तो छान चालतो, पण चिखलासाठी बाजूला बोटभरही जागा राहत नाही. अशा सायकलीला काळ्या मातीत ३५ चा टायर जास्त दूर नेईल. मडगार्ड असतील तर निघण्यापूर्वीच काढून ठेवावेत. चाक अडकल्यावर पायडलवर जोर देणे हीच सर्वांत मोठी चूक असते. पाचट आणि माती गिअरच्या पिंजऱ्यात गोळा होते, साखळी ओढली जाते आणि सर्वांत कमकुवत भाग म्हणजे हँगर तुटतो. तो मुद्दामच कमकुवत केलेला असतो, म्हणजे फ्रेम वाचते. प्रत्येक सायकलीचा हँगर वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याचा चालेल या भरवशावर राहू नये. आपापला जादा हँगर बरोबर ठेवावा. खिशात मावतो.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॅन्ससमधील एम्पोरिया गावाहून दरवर्षी अनबाउंड ग्रॅव्हल ही दोनशे मैलांची शर्यत निघते. तिथल्या वाटांवर गारगोटीसारखा धारदार चकमकीचा दगड आहे, त्यामुळे एरवी चर्चा टायर फाटण्याची असते. २०२३ साली मात्र शर्यतीच्या सुरुवातीलाच चिखलाचा पट्टा लागला आणि जगातले नामांकित स्वार सायकल खांद्यावर टाकून चालताना दिसले. तिथले अनुभवी लोक माती खरवडायला रंग ढवळायची लाकडी पट्टी बरोबर ठेवतात. आपल्याकडे जुन्या खुरप्याचे झिजलेले पाते त्याहून चांगले काम करते, फक्त टायरला लावताना हात जपून चालवावा.

हवेबद्दल: सत्तर किलोच्या स्वाराने ट्यूबलेस ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय ठेवावे, ट्यूब असेल तर चार-पाच जास्त. तुमच्या छायाचित्रांत टायर दगडासारखे फुगलेले दिसतात. हात आणि पाठ मोकळी सुटत नाही असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे निम्मे कारण तिथे आहे.

करवीरकन्या

मी या अकरा जणांपैकी एक आहे, त्यामुळे धागाकर्त्यांनी सौजन्याने गाळलेली एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. रविवारी निघायला सव्वा तास उशीर झाला, तो पंक्चरमुळे किंवा आजारपणामुळे झालेला नव्हता. शनिवारी रात्री मुक्कामाच्या ठिकाणी तांबडा-पांढरा रस्सा झाला, भाकरीवर भाकरी झाली आणि सकाळी अर्ध्या गटाला पोटाने उठू दिले नाही. मी दहीभात खाल्ला होता आणि साडेपाचला हेल्मेट घालून ओट्यावर बसले होते. याची नोंद व्हावी.

दुपारच्या विश्रांतीच्या बाजूने मात्र मी ठामपणे बोलेन. साडेअकराला आम्ही थांबलो त्याचे कारण ऊन सोसवेना एवढेच नव्हते. गटातील एकाचे डोके दुखत होते, मळमळत होते आणि तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिराने देत होता. सकाळपासून त्याने पाणी पुष्कळ प्यायले होते, पण केवळ साधे पाणी. घामातून मीठ जात राहते आणि वरून नुसते पाणी ओतत राहिले तर रक्तातील सोडियम खाली जाते, हे आपल्याकडे अजून पुरेसे पोहोचलेले नाही. आम्ही त्याला सावलीत आडवे केले, ओल्या पंच्याने अंग पुसले आणि क्षारसंजीवनीचे पाणी घोटाघोटाने दिले. तासाभराने तो स्वतःहून चेष्टा करू लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. उत्तरे असंबद्ध येऊ लागली असती, तर मी मंडपात तीनपर्यंत थांबू दिले नसते, थेट दवाखान्याची गाडी बोलावली असती. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवावे. मीठ अंदाजाने घालू नये. नाचणीची ताकातली आंबील सकाळीच बाटलीत भरून घेतली, तर दहा वाजेपर्यंत ती टिकते आणि कोणत्याही विकतच्या पेयापेक्षा अंगी लागते.

दुसरा मुद्दा एरवी कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आमच्यात तीन स्त्रिया होत्या. ऊस उभा असतो तेव्हा आडोसा मिळतो, तोड झालेल्या रानात मैलभर काहीच नसते. त्यामुळे बायका पाणी कमी पितात आणि उन्हाचा पहिला तडाखा त्यांना बसतो. थांबे आखताना शाळा, दूध डेअरी किंवा ओळखीचे घर दर दोन तासांनी येईल असे पाहिले, तर हा प्रश्न न बोलता सुटतो.

तिसरा गिअर

आंब्याच्या झाडाखाली थांबलात हे वाचून अंगावर काटा आला. वळवात पावसापेक्षा वीज मारते. एकटे उंच झाड, त्याखाली अकरा माणसे आणि अकरा धातूच्या सायकली, हे चित्र शेवटी हसण्यावारी गेले हे आपले नशीब. पक्के घर, शाळा किंवा बंद काचांची गाडी एवढीच सुरक्षित ठिकाणे समजावीत. शेतातली पत्र्याची उघडी शेड त्यात मोजू नये. मोकळ्या माळावर सापडल्यास सायकली दूर आडव्या टाकून, एकमेकांपासून अंतर ठेवून, सखल जागी पाय जवळ घेऊन उकिडवे बसावे. हात जमिनीला टेकू नयेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा, ढग पांगले म्हणून लगेच निघू नये.

पाणंदवाट

तिसरा गिअर, आपले म्हणणे शब्दशः मान्य आहे. गारा लागत होत्या म्हणून पाय आपोआप झाडाकडे वळले. करवीरकन्या, रश्शाची नोंद झाली. जुनी साखळी, टायरमध्ये ५५ पीएसआय हवा होती. आणखी लाज नको.

बरगेवाले दादा, लावणीतून गेलेला गट आमचा नव्हता, पण पाइपवरून उड्या मारत गेलेले आमच्यातही दोघे होते. त्यांना हा धागा वाचायला दिला आहे.

डांबरप्रेमी

मग पुढच्या वेळी उलट दिशेने जा. पहिल्या दिवशी काळम्मावाडी, दुसऱ्या दिवशी भोगावती.

बरगेवाला

त्याने काही साधणार नाही. कोल्हापुरातून निघून कोल्हापुरात परतायचे म्हटले की शेवट काळ्या रानातच होतो, मग नदी कोणतीही असो. निघताना सकाळी काळी माती लागते ते ठीक आहे, कारण तेव्हा ती कोरडी असते, मात्र आदल्या संध्याकाळी पाऊस झालेला नसला पाहिजे. प्रश्न फक्त परतीचा आहे.

नवा सदस्य

मधेच विचारतो, क्षमस्व. काळम्मावाडीऐवजी दाजीपूरच्या जंगलातल्या मुरमाच्या रस्त्याने फिरून आले तर सगळा वेळ तांबडी मातीच मिळेल ना?

जुनी साखळी

ते अभयारण्य आहे, १९५८ सालापासूनचे, आणि तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय आणि त्यांच्या अटींशिवाय शिरता येत नाही. सायकलचा आवाज होत नाही, हाच तिथला धोका आहे. वळणावर गव्याला तुम्ही अचानक दिसता, आणि बरोबर पिल्लू असेल तर तो बाजूला होईल याची खात्री नाही. कडेच्या गावांतील रस्त्यांवरही पहाटे व तिन्हीसांजेला गवे उतरतात. दिसल्यास थांबावे, मोठ्याने ओरडू नये, कळपाच्या मधून वाट काढू नये. छायाचित्राचा मोह आवरावा.

पाणंदवाट

सर्वांच्या प्रतिसादांवरून नवी आखणी केली आहे. शनिवारी पहाटे चारला दिवे लावून निघायचे आणि भोगावतीकाठच्या सर्व काळ्या पाणंदी नऊच्या आत मागे टाकायच्या. शुक्रवारी संध्याकाळी पाऊस झाला असेल तर हा भाग चर्चेविना सोडून द्यायचा आणि डांबराने जायचे. साडेदहाला राधानगरीत पोहोचून दुपार सावलीत काढायची. संध्याकाळी जमल्यास काजवे पाहायचे. रात्री पिठलेभात, याला गटाने बहुमताने मान्यता दिली आहे, माझे मत विरुद्ध होते. रविवारी साडेपाचला निघून काळम्मावाडीचा तांबडा भाग साडेदहापर्यंत पूर्ण करायचा. तिथून पुढे मुदाळतिट्टा, बिद्री ते कोल्हापूर हा भाग सरळ डांबरी रस्त्याने करायचा, तोही चार वाजता आकाश पाहून. ढग उभे राहिले असतील तर टेम्पो आधीच सांगून ठेवलेला असेल. डांबरप्रेमी यांचा विजय झाला असे त्यांना वाटू शकते, पण कच्ची वाट एकूण अंतराच्या निम्म्याहून जास्त उरते आहे, हे मी नमूद करून ठेवतो.

टेम्पोवाल्या मामांनी या वेळी एक अट घातली आहे. मागच्या वेळचा चिखल वाळून त्यांच्या हौद्याला सिमेंटसारखा बसला होता आणि तो खरवडायला त्यांचा एक दिवस गेला. त्यामुळे सायकली धुतल्याशिवाय गाडीत चढणार नाहीत.

करवीरकन्या

मान्य. आंबील मी आणते. भडंग आणि गूळ-शेंगदाणे इतरांनी आणावेत, पण शेंगदाणे खारे असावेत.

बरगेवाला

परित्याच्या पुढची जी पाणंद तुम्ही मागच्या वेळी वापरली तिच्यात आता पाइपलाइनसाठी चर खोदला आहे, तो रात्री दिव्याच्या उजेडात दिसणार नाही. त्याच्या अलीकडच्या ओढ्यावरून डावीकडे वळा, तिथे नवीन मुरूम पडला आहे. शुक्रवारी रात्री पाऊस झाला की नाही ते इथेच विचारा. या आठवड्यात आमच्या फीडरला पहाटेची वीज आहे, मी चार वाजता मोटर चालू करायला रानात असतोच.